शिरूर १९९४ : ‘पिशवी’ काढण्याचा निर्णय कोणाचा?

१/
फेब्रुवारी १९९४. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुली व स्त्रियांसाठी एक शासकीय निवासी संस्था होती. तेथील काही जणींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणण्यात आले. त्यांच्या गर्भाशयाला कोणताही आजार जडलेला नव्हता. तरीही दहाहून अधिक जणींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली.

२/
हे चोरून झाले नव्हते. निर्णय शासकीय होता, रुग्णालय शासकीय होते आणि शस्त्रक्रिया निष्णात हातांनी झाली होती. कारणही उघडपणे सांगण्यात आले : या स्त्रियांना मासिक पाळीची स्वच्छता राखता येत नाही. मात्र ज्यांच्या शरीरावर शस्त्र चालले त्यांची स्वतःची संमती कोणी घेतली नव्हती.

३/
ही घटना समजून घेण्यासाठी आधी ६७ वर्षे मागे आणि अर्धी पृथ्वी ओलांडून जावे लागते. ‘हिचे शरीर, पण निर्णय आमचा’ हा विचार शिरूरला जन्मलेला नाही. त्याला शास्त्राची झूल, कायद्याची मोहर आणि सर्वोच्च न्यायालयाची मान्यता अमेरिकेत मिळाली.

(या लेखमालेत ‘मतिमंद’, ‘दुर्बलबुद्धी’ असे शब्द येतील. ते त्या त्या काळातील अधिकृत शब्द आहेत. आज ते अवमानकारक मानले जातात.)

४/
१८८३ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टनने ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. मराठीत त्याला पुढे सुप्रजननशास्त्र म्हणू लागले. कल्पना सरळ दिसणारी होती : शेतकरी जसे उत्तम बियाणे निवडतो, तशी माणसांचीही निवड करावी. ‘चांगल्यांनी’ अधिक मुले जन्माला घालावीत, ‘वाइटांनी’ घालूच नयेत. चांगले कोण आणि वाईट कोण हे ठरवणारे अर्थातच स्वतःला पहिल्या गटात धरत होते.

५/
१९०७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा केला. अनेक राज्ये त्या वाटेने गेली. परंतु काही ठिकाणी न्यायालयांनी असे कायदे रद्द ठरवले. म्हणून व्हर्जिनिया राज्याने मार्च १९२४ मध्ये कायदा करताना विशेष काळजी घेतली. तो सर्वोच्च न्यायालयात टिकतो का, हे आधी तपासून घ्यायचे ठरले. त्यासाठी एक खटला हवा होता. खटल्यासाठी एक मुलगी हवी होती.

६/
ती मुलगी म्हणजे कॅरी बक. जन्म १९०६, गाव शार्लट्सव्हिल. आई एमा गरीब आणि एकाकी. कॅरी लहानपणीच एका दुसऱ्या कुटुंबात वाढायला गेली. शाळेत तिची प्रगती ठीक होती, पण सहावीनंतर घरकामासाठी तिची शाळा सोडवण्यात आली. सतरा वर्षांची असताना त्या घराच्या एका नातलगाने तिच्यावर बलात्कार केला. तिला दिवस गेले.

७/
घराची अब्रू वाचवायची होती. उपाय निघाला : मुलगीच ‘दुर्बलबुद्धी’ आणि ‘दुर्वर्तनी’ ठरवायची. मार्च १९२४ मध्ये कॅरीला मुलगी झाली, तिचे नाव व्हिव्हियन. त्यानंतर कॅरीची रवानगी लिंचबर्गजवळच्या सरकारी वसाहतीत झाली. अपस्माराच्या रुग्णांसाठी आणि ‘दुर्बलबुद्धी’ व्यक्तींसाठी असलेल्या त्याच वसाहतीत तिची आई एमा आधीपासून डांबलेली होती.

८/
वसाहतीचे अधीक्षक डॉ. अल्बर्ट प्रिडी यांना हवे ते मिळाले : आई ‘दुर्बलबुद्धी’, मुलगी ‘दुर्बलबुद्धी’. आता नातही तशीच आहे हे सिद्ध झाले की दोष आनुवंशिक असल्याचा पुरावा पूर्ण होणार होता. नात त्या वेळी अवघ्या काही महिन्यांची होती. एका समाजसेविकेने साक्ष दिली की बाळाकडे पाहिल्यावर ते अगदी सर्वसाधारण वाटत नाही. तेवढ्यावर तिसरी पिढी सिद्ध झाली.

९/
नोव्हेंबर १९२४ मधील सुनावणी म्हणजे न्यायाचे नाटक होते. सुप्रजननवादी हॅरी लाफलिन यांनी कॅरीला एकदाही न पाहता तिच्याविषयी तज्ज्ञ म्हणून मत दिले. कॅरीचे वकील आयर्व्हिंग व्हाइटहेड हे त्याच वसाहतीच्या संचालक मंडळाचे माजी सदस्य होते आणि ज्याने हा कायदा लिहिला त्या ऑब्री स्ट्रोडचे जुने मित्र. कॅरीच्या शिक्षकांपैकी कोणालाही त्यांनी साक्षीला बोलावले नाही. शाळेचे गुणपत्रकही पुढे आणले नाही.

१०/
प्रिडी १९२५ मध्ये वारले. त्यांच्या जागी डॉ. जॉन बेल आले आणि खटल्याला ‘बक विरुद्ध बेल’ हे नाव मिळाले. २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी नसबंदीचा कायदा वैध ठरवला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स हे अमेरिकी न्यायशास्त्रातील अत्यंत आदरणीय नाव. त्यांचा युक्तिवाद असा की समाजाच्या हितासाठी सक्तीची लस टोचता येते, तर त्याच तत्त्वाने सक्तीची नसबंदीही करता येईल. आणि अशा तीन पिढ्या पुरेशा झाल्या.

११/
विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती पिअर्स बटलर यांचे होते. त्यांनी कारणे लिहिली नाहीत. १९ ऑक्टोबर १९२७ रोजी कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती.

१२/
‘तिसरी पिढी’ व्हिव्हियन पुढे शाळेत गेली आणि चांगल्या गुणांसाठी सन्मानयादीतही झळकली. १९३२ मध्ये वयाच्या आठव्या वर्षी आतड्यांच्या आजाराने ती गेली. कॅरीची धाकटी बहीण डोरिस हिचीही नसबंदी १९२८ मध्ये झाली. तिला मात्र अपेंडिक्स काढले असे सांगण्यात आले होते. लग्नानंतर मूल व्हावे म्हणून तिने वर्षानुवर्षे वाट पाहिली. खरे कारण तिला पन्नासहून अधिक वर्षांनी कळले.

१३/
व्हर्जिनियात सुमारे ८,००० आणि सबंध अमेरिकेत ६०,००० हून अधिक माणसांची अशी नसबंदी झाली. जर्मनीत नाझी सरकारने जुलै १९३३ मध्ये असाच कायदा केला. त्याखाली सुमारे ४ लाख लोकांची नसबंदी झाल्याचा अंदाज आहे. त्या कायद्यामागे लाफलिन यांचा आदर्श मसुदा डोळ्यांपुढे होता, आणि १९३६ मध्ये हायडलबर्ग विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी आरोपींच्या बचावासाठी होम्स यांचा निकाल पुढे करण्यात आला.

१४/
हे केवळ हुकूमशहांचे पाप होते असे मानून सुटका होत नाही. लोकशाहीवादी स्वीडनमध्ये १९३४ पासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे ६३,००० नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि अनेकींवर दबाव आणलेला होता. जपानमध्ये असा कायदा १९४८ ते १९९६ पर्यंत लागू होता. तो घटनाबाह्य असल्याचे तेथील सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितले. शिरूरची घटना घडली तेव्हा जपानचा तो कायदा जिवंत होता.

१५/
आता महाराष्ट्र. १९२७ हे वर्ष येथेही महत्त्वाचे आहे. मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये ‘बक विरुद्ध बेल’चा निकाल लागला. जुलैमध्ये मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. आणि त्याच वर्षी कादंबरीकार ना. सी. फडके यांचे भारतात सुप्रजननाची चळवळ उभारण्याचा पुरस्कार करणारे ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती.

१६/
संततिनियमनाच्या मराठी इतिहासातील हे दोन प्रवाह वेगळे ओळखता आले पाहिजेत. एका प्रवाहाचा प्रश्न होता : स्त्रीला नको असलेले गर्भारपण टाळण्याचे साधन मिळेल का? दुसऱ्याचा : कोणी मुले जन्माला घालावीत आणि कोणी नाही? एकाच काळात, अनेकदा त्याच माणसांच्या लेखणीतून दोन्ही प्रश्न येत राहिले. पहिल्यात स्त्री निर्णय घेते, दुसऱ्यात तिच्याविषयी निर्णय घेतला जातो. साधन एकच, पण ते कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून.

१७/
अपंग व्यक्तींच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा भारतात झाला नाही. पण राज्याने शरीरावर हक्क सांगण्याचा मोह येथेही झाला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. हे स्मरण धूसर होण्याआधीच १९९४ उजाडले.

१८/
शिरूरच्या निर्णयाचे समर्थन करणाऱ्यांची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती आजही घराघरांत ऐकू येते. संस्थेत कर्मचारी अपुरे. पाळीच्या दिवसांत अस्वच्छता, संसर्गाची भीती. अशा स्त्रियांवर अत्याचार होण्याचा धोका मोठा, आणि त्यातून गर्भ राहिला तर काय, हा प्रश्न. अनेक पालकांना हे पटत होते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या वयात आलेल्या मुलीची आई, जिच्या मदतीला कोणी नाही, ती हे सारे रोज सोसत असते. तिच्या थकव्याला क्रौर्य म्हणणे अन्यायाचे होईल.

१९/
परंतु स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी या युक्तिवादाचा एकेक टाका उसवला.

पहिला मुद्दा : जिला स्वतःच्या स्वच्छतेचे प्रशिक्षण देता येते तिला पाळीच्या दिवसांची काळजीही शिकवता येते. वेळ लागतो, माणूस लागतो, धीर लागतो. जिला ते मुळीच जमत नाही तिला शौच-लघवीसाठीही मदत लागतेच. त्यासाठी कोणी अवयव काढत नाही.

२०/
दुसरा मुद्दा : गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही. थांबते ती गर्भधारणा, म्हणजे बलात्काराची खूण. जी स्त्री आपल्यावर काय घडले हे शब्दांत सांगू शकत नाही, तिच्या बाबतीत ती खूण पुसणे म्हणजे गुन्हेगाराला अभय देणे. संस्थेत रक्षण करायचे ते स्त्रीचे. येथे रक्षण झाले ते संस्थेच्या नावाचे.

२१/
तिसरा मुद्दा वैद्यकीय नीतीचा. निरोगी अवयव काढण्यासाठी रुग्णाच्या स्वतःच्या हिताचे ठोस कारण लागते. भूल, रक्तस्राव, संसर्ग हे धोके या शस्त्रक्रियेत असतातच. कर्मचारी कमी आहेत हा संस्थेचा आजार झाला. त्याचे औषध रुग्णाच्या पोटात शोधायचे का?

२२/
पुण्या-मुंबईत निदर्शने झाली, वृत्तपत्रांत वाद पेटला, देशभर चर्चा झाली. राज्य सरकारला पुढील शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. ग्रामीण महाराष्ट्रात ‘पिशवी काढणे’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. बायकांच्या बऱ्याच तक्रारींवर तो उपाय म्हणून सुचवला जातो. त्या साध्या वाटणाऱ्या शब्दामागे संमतीचा प्रश्न दडलेला आहे, हे १९९४ मध्ये प्रथमच इतक्या ठळकपणे पुढे आले.

२३/
आणि कायदा? पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, संसदेने अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा केला. त्यात शिक्षण होते, नोकऱ्यांत तीन टक्के राखीव जागा होत्या. पण प्रजननविषयक हक्काची तरतूद त्यात नव्हती. शिरूरचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात अनुत्तरित राहिला.

२४/
उत्तराची सुरुवात चंदीगडमध्ये झाली, तीही एका शासकीय आश्रयगृहातूनच. २००९ मध्ये तेथील एक अनाथ तरुणी गरोदर असल्याचे उघड झाले. वय विशीच्या आसपास, सौम्य स्वरूपाचे बौद्धिक अपंगत्व. सरकारी छत्राखाली असतानाच तिच्यावर बलात्कार झाला होता. प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली आणि जुलै २००९ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ती दिली. तिला मात्र मूल हवे होते. तसे तिने तज्ज्ञ समितीला सांगितलेही होते.

२५/
प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा गर्भ १९ आठवड्यांचा होता. कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. पी. सदाशिवम आणि न्या. बी. एस. चौहान यांच्या खंडपीठाने २१ जुलै रोजी गर्भपाताच्या आदेशाला स्थगिती दिली. सविस्तर निकाल ऑगस्टमध्ये आला : ‘सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन’.

२६/
निकालाचा कणा एका शब्दावर उभा आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्यात ‘वेडसर’ स्त्रीच्या वतीने पालकाची संमती चालत असे. २००२ च्या दुरुस्तीने तो शब्द बदलून ‘मानसिक रुग्ण’ असा केला आणि त्यातून बौद्धिक अपंगत्व स्पष्टपणे वगळले. म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्या सज्ञान स्त्रीचा गर्भपात तिच्या स्वतःच्या संमतीविना करताच येत नाही. राज्य तिचे पालक असले तरीही नाही.

२७/
न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. मूल होऊ देणे किंवा न देणे ही निवड घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे सांगितले. सुप्रजननाच्या विचारातून झालेल्या सक्तीच्या नसबंदी व गर्भपातांचा उल्लेख करून तो विचार समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचेही नोंदवले. होम्स यांच्या निकालानंतर ८२ वर्षांनी एका सर्वोच्च न्यायालयाने त्याची दुसरी बाजू लिहिली.

२८/
येथे कॅरी बककडे पुन्हा पाहावे लागते. तिची कथा सांगताना बहुधा म्हटले जाते : ती तर ‘दुर्बलबुद्धी’ नव्हतीच, म्हणून अन्याय झाला. हे खरे आहे; पुढे तिला भेटलेल्यांना ती नेहमी वाचन करणारी, सर्वसाधारण बुद्धीची स्त्री वाटली. पण या युक्तिवादात एक फट आहे. ती खरोखरच बौद्धिकदृष्ट्या अपंग असती, तर ती शस्त्रक्रिया योग्य ठरली असती का? चंदीगडच्या तरुणीच्या अपंगत्वाविषयी वाद नव्हता. तरीही उत्तर आले : निर्णय तिचाच.

२९/
दरम्यान जगाचे मत बदलत होते. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने तो ऑक्टोबर २००७ मध्ये मान्य केला. कराराच्या २३ व्या अनुच्छेदात अपंग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने आपली प्रजननक्षमता कायम राखण्याचा हक्क आहे. या कराराला अनुसरून भारतात २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला.

३०/
त्या कायद्याचे कलम १० प्रत्येकाने वाचावे असे आहे. दिव्यांग व्यक्तीला प्रजनन व कुटुंबनियोजनाची योग्य माहिती मिळेल हे पाहणे सरकारचे कर्तव्य आहे. आणि तिच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्यावर करता येणार नाही. गर्भाशय काढणे ही तशीच प्रक्रिया. शिरूरच्या शस्त्रक्रियांनंतर २२ वर्षांनी हे वाक्य कायद्यात आले.

३१/
तरी फटी उरल्या आहेत. याच कायद्याचे कलम ९२ दिव्यांग स्त्रीचा तिच्या स्पष्ट संमतीविना गर्भपात करणाऱ्याला शिक्षा सांगते; मात्र ‘तीव्र अपंगत्व’ असल्यास डॉक्टरचे मत आणि पालकाची संमती यांवर तो करता येतो. तीव्र म्हणजे नेमके किती, हे ठरवताना पुन्हा तिच्याविषयी दुसरेच कोणी बोलू लागते.

३२/
शिवाय हक्क म्हणजे केवळ सक्तीला नकार नव्हे; सेवा मिळणे हाही हक्कच. चाकाच्या खुर्चीवरून तपासणीच्या उंच टेबलावर चढायचे कसे? प्रसूतिगृहात कर्णबधिर स्त्रीशी सांकेतिक भाषेत बोलणार कोण? अंध स्त्रीला गर्भनिरोधक गोळ्यांची माहिती कोणत्या रूपात मिळणार? ‘हिला कशाला लागतंय हे सगळं,’ या गृहीतकामुळे किती जणींची साधी तपासणीही होत नाही? २०१६ च्या कायद्याने दिव्यांग स्त्रियांच्या लैंगिक व प्रजनन आरोग्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. तिची पूर्तता जिल्हा रुग्णालयाच्या दारात मोजावी लागेल.

३३/
तीन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. १९२७ मध्ये कारण होते समाजाची शुद्धी. १९९४ मध्ये कारण होते स्वच्छता. २००९ मध्ये कारण होते तिचेच भले. प्रत्येक वेळी कारण आधीच्यापेक्षा अधिक दयाळू दिसते. प्रत्येक वेळी तिला विचारायचे मात्र राहून जाते. चंदीगडमध्ये तिला विचारले गेले आणि तिचे उत्तर न्यायालयाने ऐकले, एवढाच फरक. पण तोच इतिहास बदलणारा ठरला.

३४/
कॅरी बक १९८३ मध्ये वारली. २ मे २००२ रोजी, निकालाला ७५ वर्षे झाली त्या दिवशी, व्हर्जिनियाच्या राज्यपालांनी सुप्रजननाच्या कार्यक्रमाबद्दल जाहीर माफी मागितली. कॅरीच्या नावाने आज पुस्तके आहेत, अभ्यासक्रम आहेत. शिरूरच्या त्या स्त्रियांची चर्चा झाली ती ‘अकरा’, ‘चौदा’ अशा आकड्यांत. त्यांतील कोणाला काय वाटले होते, पोटावरचा टाका पाहून तिने काय विचारले होते, याची नोंद सार्वजनिक इतिहासात नाही.

तेव्हा वीस-पंचवीस वर्षांची असलेली त्यांतील एखादी आज पन्नाशीत असेल. तिला विचारता येण्याजोगा काळ अजून संपलेला नाही.